क्रमांक अकरानं दही खाल्लं नव्हतं

आक्का, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तुमच्यापुढे तर नाहीच. तुमच्या नावापुढे मी खोटं लिहिलं. नावापुढे म्हणजे आकड्यापुढे, कारण आमच्या फाइलीत तुम्ही शालन नव्हतात, आक्का नव्हतात, व्यक्ती क्रमांक अकरा होतात. त्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘आहाराचा नियम मोडला. दही सेवन. वगळले.’ तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. तुमचा चेहरा आठवायला बसले की आधी ती ओळ येते आणि मग तुम्ही येता.

फलटणहून सांगलीला संशोधनासाठी आले आणि विश्रामबागच्या पुढे तुमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. तुम्ही अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झाला होतात. पहिल्याच संध्याकाळी विचारलंत, ‘‘काय शिकतीस?’’ मी ऐटीत सांगितलं, की पोटाला चांगले असणारे जंतू असतात, पण खाल्ल्यावर जठरातल्या आम्लात ते मरतात. त्यांना कवच घालायचं, म्हणजे आतड्यापर्यंत जिवंत पोचतील. तुम्ही पीठ मळत होतात. हात न थांबवता म्हणालात, ‘‘म्हंजे आमी इतकी वर्सं ताक पितोय ते मेल्यालंच पितोय व्हय?’’

‘‘बरेचसे मरतात आक्का, थोडे पोचतात.’’

‘‘मग जे पोचत्यात त्यांचं काय वाईट चाललंय?’’

हा आपला वाद चार वर्षं चालला. मी आलेख दाखवायचे, तुम्ही तुमच्या सासऱ्यांचं उदाहरण द्यायचात. नव्वदीपर्यंत ताक पिऊन खणखणीत राहिले म्हणे. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं मी म्हणायचे. एका माणसानं काय काय होतं, ते पुढे तुम्ही मला दाखवलंत.

एकदा तुम्हाला प्रयोगशाळेत नेलं होतं. शेवाळापासून काढलेला डिंक पाण्यात विरघळवायचा, त्यात जंतू मिसळायचे आणि सुईतून एकेक थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. थेंब पडला की आवळतो आणि साबुदाण्यासारखा मणी तयार होतो. त्या आठवड्यात माझ्या मण्यांना शेपट्या येत होत्या आणि मी रडकुंडीला आले होते. तुम्ही पदर खोचून जरा वेळ बघितलंत आणि म्हणालात, ‘‘ही तर बुंदी पाडायची. पीठ घट्ट झालं की बुंदीला शेपूट येतंय. जरा सैल कर.’’ डिंक पातळ केला, मणी गोल पडायला लागले. प्रबंधात मी लिहिलंय, ‘द्रावणाची दाटता योग्य केली.’ कुणी सांगितलं म्हणून केली, ते लिहिलं नाही. ही लहान लाज झाली आक्का, मोठी पुढे आहे.

मण्यांत कोंडलेले जंतूही तुमच्याच दह्यातले. तुमच्या विरजणातून एक जात वेगळी काढली, तिची ओळख पटवली, तिच्यापासून धोका नाही याच्या चाचण्या केल्या. त्यात दीड वर्ष गेलं. तुम्ही शेजारणींना सांगत होतात, ‘‘माजं दही कालेजात शिकतंय.’’ आणि जिन्याखालून हाक मारून विचारायचात, ‘‘पास झालं का गं?’’

तुम्हाला एक शंका कायम होती. मणी जठरात बंद राहतो आणि आतड्यात उघडतो, हे त्याला कळतं कसं? मी समजावलं, की आंबटात तो आवळून बसतो, पुढे आंबटपणा कमी झाला की फुगतो आणि विरघळतो. तुम्ही विचार केलात. ‘‘आन् न्हाई विरघळला तर? जंतू जित्ते, पर डब्यातच. उपेग काय?’’ दोन महिन्यांनी आमच्या सरांनी भर बैठकीत हाच प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. सर खूश झाले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ‘‘मग आज भाकरी तू थाप.’’ मी थापलेल्या भाकरीचा नकाशा बघून हसलात आणि तीच खाल्लीत.

मग माणसांवरची चाचणी आली. पोटफुगीचा जुना त्रास असलेली माणसं हवी होती. तुम्हाला तो होताच. संध्याकाळचं जेवण झालं की अर्धा तास ओसरीत फेऱ्या घालायचात. पहिलं नाव तुम्ही दिलंत. निम्म्या लोकांना जंतू भरलेले मणी मिळणार होते आणि निम्म्यांना कोरे, म्हणजे डिंक तोच, आकार तोच, आत काही नाही. हे सगळ्यांना सांगितलं होतं. कुणाला कोणते, ते चिठ्ठ्यांनी ठरलं. तुम्ही हसून म्हणालात, ‘‘मला कसं कोरं येईल? माजंच हाय की ते.’’

कोरंच आलं. खरं म्हणजे ते मला कळायला नको होतं. पण डबे भरायला हात माझेच होते, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या दह्यातले जंतू भलत्याच लोकांच्या घरी गेले आणि तुमच्या हातात मी कोरा डबा ठेवला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात.

नियम होता, की दही, ताक, इडली-डोसा, आंबवलेलं काहीही खायचं नाही. डबे संपल्यावरसुद्धा, मी फोन करून सांगेपर्यंत नाही. चुकून काही पोटात गेलं तर लिहून ठेवायचं. एखाद्या चुकीला कुणाला वगळायचं नव्हतं. रोज खाणाऱ्यालाच वगळायचं होतं.

लोकांनी हा नियम कसा पाळला ते मला विचारा. एक गृहस्थ ताकाचा पेला हातात धरून मला सांगत होते, सगळं पाळतोय मॅडम. तुम्ही मात्र विट्याला भाचीच्या लग्नात मठ्ठ्याचा पेला परत पाठवलात. जावेनं विचारलं, एवढा कसला उपास? तर म्हणे, ‘‘उपास न्हाई. कामाची बाब हाय.’’ आयुष्यभर रजिस्टरं भरलेली बाई तुम्ही. तुम्हाला छापील कागदावरची सूचना म्हणजे सूचना.

विरजण मोडू नये म्हणून दही मात्र रोज लावत होतात आणि वाटी शेजारी पोचवत होतात. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी धापा टाकत जिना चढून आलात. जिना तुम्ही कधी चढत नव्हतात, गुडघ्यांमुळे. ‘‘पोरी, चूक झाली. दही लावताना सवयीनं बोट चाटलं.’’

मी हसले. ‘‘आक्का, एवढ्यानं काही होत नाही.’’

‘‘हसू नगं. लिवून घे.’’

मी लिहून घेतलं, तुमच्या समोरच. तुम्ही वाकून बघितलंत आणि मगच खाली गेलात. दुसऱ्या दिवसापासून दही लावताना तुम्ही तर्जनीला चिंधी बांधायला लागलात. गवळ्यानं विचारलं, भाजलं का?

त्याच दिवसांत तुम्ही मला अंगणवाडीतली ती गोष्ट सांगितलीत. वरून एक बाई आल्या होत्या. मुलांची वजनं थोडी वाढवून लिहा म्हणाल्या, तक्ता वाईट दिसतोय. तुम्ही नाही म्हणालात. बदलीची भीती घातली, दोन महिने मानधन अडकलं, तरी नाही म्हणालात. ‘‘पोर हडकुळं ते हडकुळंच. म्या लिवल्यानं भरतंय व्हय ते?’’ मी चहा पीत मान डोलावत होते. बरोबर केलंत आक्का, म्हणाले होते. आठवतंय मला, चांगलं आठवतंय.

आणि मग तुम्हीच घोळ केलात. बऱ्या झालात.

मी दर शनिवारी तुमच्या रोजच्या नोंदींचा तक्ता बघायला खाली यायचे. आधी तक्ता, मग चहा, मग तासभर गप्पा. प्रत्येक शनिवारी तुमच्या त्रासाच्या खुणा कमी होत गेल्या. पोट हलकं वाटतं म्हणालात, झोप लागते म्हणालात, संध्याकाळच्या फेऱ्या बंद झाल्या. कोऱ्या मण्यांनी माणसाला बरं वाटू शकतं, हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. म्हणून तर कोरे मणी देतात. पण मुळात माणसं थोडी, आणि तुम्ही एकट्या इतक्या बऱ्या झालात की कोऱ्यांचा गट जंतूवाल्यांच्या जवळ जाऊन बसला. आकडे मांडले तर फरक दिसेना. चार वर्षं, हजारो मणी, तुमच्या दह्याचं ते कॉलेज, सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तुमचं सुधारलेलं पोट.

मी तुमच्यावर चिडले आक्का. तुम्ही बऱ्या झालात म्हणून चिडले. त्या शनिवारी तुम्ही आनंदानं सांगत होतात की भाकरीबरोबर कांदा खाल्ला तरी काही झालं नाही, आणि मी मनात म्हणत होते, झालं असतं तर काय बिघडलं असतं. माझ्या तापात चार रात्री उशाशी बसलेल्या बाईबद्दल मी असा विचार केला. हे लिहिताना कान तापले आहेत माझे.

मग फाइल चाळताना ती नोंद सापडली. ‘सवयीने बोट चाटले.’ माझंच अक्षर. मी खाली लिहिलं, ‘घरात रोज दही लावले जाते.’ हेही खरंच होतं. आणि त्याखाली ती तिसरी ओळ लिहिली, जी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितली. चिंधीबद्दल काही लिहिलं नाही. शेजारी जाणाऱ्या वाटीबद्दल लिहिलं नाही. सही केली आणि हात धुऊन जेवायला गेले.

तुम्हाला वगळल्यावर आकडे सरळ झाले. सरांनी पाठ थोपटली. कराडला मोठ्या सभागृहात मी ते काम मांडलं, टाळ्या पडल्या, एका दुधाच्या कंपनीच्या माणसानं कार्ड दिलं. घरी आले तर तुम्ही गोडाचा शिरा करून ठेवला होतात.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही घराला कुलूप लावून साताऱ्याला लेकीकडे, वैशालीकडे गेलात. गुडघ्यांना आता कुणीतरी सोबत पाहिजे म्हणालात. मी शेजारच्या गल्लीत खोली घेतली. तुम्ही जाताना मला वाईट वाटलं हे खरं. सुटल्यासारखं वाटलं हेही तितकंच खरं. आता शनिवारी तुमच्या समोर बसायला लागणार नव्हतं.

पण तुम्ही फोन करायचात. ‘‘माजा निकाल काय लागला गं?’’

‘‘सगळ्यांचा मिळून एकच निकाल असतो आक्का.’’

‘‘बरा लागला न्हवं?’’

‘‘चांगला लागला.’’

‘‘म्या नीट पाळलं की सगळं. माज्यामुळं काय बिघाडलं तर न्हाई?’’

मी म्हणाले, नाही. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही रागावला असतात, आठवडाभर बोलला नसतात, आणि मग तुम्हीच फोन करून म्हणाला असतात, आता ती ओळ खोड आणि नीट लिव. मला हे माहीत होतं. तुमच्या रागाची भीती नव्हतीच. ओळ खोडायला लागेल याची होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. फोनवर तुमचं नाव दिसलं की आधी नुसता वाजू द्यायचे. दोन वेळा उचलायचा, एकदा नाही, असं करत करत पुढे बहुतेक वेळा उचलेनाशी झाले. ‘पुढच्या शनिवारी येते’ एवढा निरोप टाकायचा. सांगलीहून सातारा काय लांब आहे का?

वैशालीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. हृदयाचा झटका. पहाटे उठलात, पाणी प्यायलात आणि पुन्हा पडलात, एवढंच ती म्हणाली. माझ्या मण्यांचा याच्याशी काही संबंध नाही. हे मला शास्त्रानं पक्कं माहीत आहे, आणि तरी एसटीत बसल्यापासून साताऱ्याच्या स्टँडपर्यंत मी तेच घोकत होते.

तुमच्या पुण्यानुमोदनाला, त्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तुमच्या अंगणवाडीतली मुलं आली होती. मुलं कसली, आता बाप्ये झालेत. एकजण म्हणाला, बाईंनी माझं वजन होतं तेवढंच लिहिलं म्हणून मला जास्तीचा आहार मिळाला, म्हणून मी उभा आहे. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, आणि वैशालीनं मला बोलायला उठवलं. मी काय बोलले ऐकलं असतंत तर तिथल्या तिथे खाली बसवलं असतंत. आक्कांनी मला प्रामाणिकपणा शिकवला, म्हणाले. आवाजही दाटून आला, आणि तो खोटा नव्हता, हीच तर शरमेची गोष्ट. खाली बसले तर शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, ‘‘तुमच्या त्या शोधात त्यांचं नाव आहे म्हणं?’’

मी म्हणाले, हो.

त्या ‘हो’नंतर मी खीर तशीच ठेवली. वैशाली म्हणाली, दमलीस का? मी म्हणाले, ऊन लागलं.

परवा अर्ज दिला आक्का. कॉलेजच्या समितीला आणि सरांना. लिहिलं, की क्रमांक अकरा यांनी नियम पाळला होता, वगळण्याचं कारण मी खोटं लिहिलं, कोणते डबे कुणाचे हे मला आधीपासून माहीत होतं, आणि त्यांना धरलं तर निकाल उभा राहत नाही. सरांनी दोनदा वाचला. म्हणाले, ‘‘एका बाईच्या बोटासाठी चार वर्षं पाण्यात घालतेस? त्या तर आता नाहीतही.’’ मी म्हणाले, ‘‘बोटासाठी नाही सर. मी लिहिलंय त्यासाठी.’’ पुढे काय होईल माहीत नाही. छापून आलेला लेख मागे घ्यावा लागेल, पदवीचंही काही खरं नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आणि खरं सांगू का, बाहेर पडले तेव्हा मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी भूक लागली. गाड्यावर उभं राहून भडंग खाल्लं. मनात म्हणाले, चला, आक्कांच्या समोर उभं राहण्याइतकी तरी झाले. इतक्या लवकर माफ करून टाकलं मी स्वतःला.

मग काल वैशालीला फोन केला. म्हटलं, तिलाही सांगायला हवं. पहिल्यापासून सांगितलं, कोरा डबा, बोट, ती ओळ, तुम्हाला दिलेली खोटी उत्तरं. ती ओरडेल, फोन ठेवेल, असं धरून चालले होते. शेवटी तिनं एकच विचारलं.

‘‘म्हणजे तुमचं ते सगळं संपलं होतं?’’

‘‘चाचणी? ती दिवाळीच्या आधीच संपली.’’

‘‘मग आईला का नाही सांगितलंस?’’

तिला काय म्हणायचंय ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चाचणी संपल्यावर सगळ्यांना फोन करून सांगायचं होतं, आता काहीही खा म्हणून. मी केले होते फोन. यादी पुढे घेऊन, एकेका नावावर खूण करत, एकूण एक. वगळलेल्यांची नावं त्या यादीत नव्हती.

‘‘ती पाळत होती,’’ वैशाली म्हणाली. ‘‘इथं येऊनसुद्धा. मी म्हणायची, आई, एवढ्या दिवसांत विसरलेसुद्धा असतील ते लोक. तर म्हणायची, अजून मोकळं केलं न्हाई, केलं की पोरगी सांगंल. शेवटचे दोन दिवस तिच्या तोंडाला चव नव्हती. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, दहीभात खावासा वाटतोय. मी कालवला, ताट पुढं ठेवलं. तर म्हणाली, थांब, पोरीला इचारते. तुला दोनदा फोन लावला तिनं.’’

‘‘मग?’’

‘‘मग ताट सरकवलं. म्हणाली, उद्या खाईन.’’

त्या संध्याकाळी मी टेबलापाशीच बसले होते, आक्का. तुमचं नाव मी वाचलं होतं. वाटलं, पुन्हा निकालच विचारणार. मी फोन पालथा घातला आणि तो वाजायचा थांबेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले.